पांढरी दाढी आणि मंगळवारची मंडळी

१२ फेब्रुवारी

चि. रंग्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोरीचं लग्न ठरलं, मे महिन्यात! ही झाली गोड बातमी. आता दुसरी ऐक. नाटकवाल्यांची तोंडं रंगवणारा मामाच माझा मेकअप करणार, असं ती लहानपणापासून म्हणत आली. पण माझ्या नणंदेच्या लग्नात तू ढोसून ब्रश हातात घेतलास आणि नवरीची एक भुवई पार कपाळावर नेऊन ठेवलीस. सगळ्या फोटोंत ती बिचारी नवऱ्याकडे संशयानं बघतेय. पोरगी म्हणते, मामानं दारू सोडली तरच चेहरा त्याच्या हाती देईन, नाहीतर दुसरी मेकअपवाली बघते. हे सांगताना रडली रे ती.

आमच्या दातांच्या दवाखान्यात तुझ्याकडच्या एक बाई कवळीसाठी आल्या होत्या. तोंडातला साचा काढल्याबरोबर त्यांनी पत्ता सांगितला. सायकलच्या दुकानावरचा हॉल, दर मंगळवारी संध्याकाळी. दारू सोडणारे जमतात, नावगाव कुणी विचारत नाही. मुकाट्यानं जा.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गेलो बाई एकदाचा! दुकानदाराला हॉल विचारायची लाज वाटली, म्हणून आधी एक घंटी विकत घेतली. मला सायकल नाही हे तुला माहीतच आहे. मग हळूच विचारलं, तर तो म्हणाला, वर जायचंय ना, सगळे आधी घंटीच घेतात.

तुझ्याशी खोटं कशाला बोलू, स्वतःच्या तोंडानं गेलो नाही. आमच्या नाटक कंपनीतलं कुणी भेटलं असतं तर? म्हणून पांढरी दाढी, सुरकुत्या, काठी असा म्हातारा होऊन गेलो. काय झकास जमला होता! एका धिप्पाड पोस्टमनबाईंनी मला जवळजवळ उचलूनच जिना चढवला आणि खुर्चीत उशी दिली. दोन वाक्यं बोलून बसणार होतो, पण मधेच रडू फुटलं, डिंक सुटला आणि दाढीचं एक टोक लोंबायला लागलं. घाईघाईनं मफलर गुंडाळला. परत येताना नेहमीच्या बारवरून सरळ पुढे आलो.

लोभ तेवढा कमी करू नकोस, बाकी सगळं कमी करतोच आहे.
तुझा रंग्या

२७ फेब्रुवारी

चि. रंग्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की खुर्चीतला पेशंट घाबरला. मग मात्र रडले. अरे गाढवा, त्या म्हाताऱ्याची दारू सुटेल, तुझी कशी सुटणार? तोंड धुऊन जा. पोरगी रोज तुझी चौकशी करते आणि मी रोज थापा मारते.

माया आहेच, पण कान उपटायला हात शिवशिवतात.
ताई

२८ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. दाढीचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून पुढच्या खेपेला गालावर व्रण काढून खलाशी झालो, नंतर चष्मा लावून मास्तर. दर वेळी नवा माणूस म्हणून टाळ्या आणि पहिला चहा मला. नुसती चंगळ!

पण एका मंगळवारी पोस्टमनबाई उठल्या आणि विचारू लागल्या, ते म्हातारेबाबा कुणाला दिसले का? टपाल वाटताना त्यांनी दारोदार चौकशी केली होती. मंडळीतल्या एका बेकरीवाल्यानं हॉस्पिटलं पालथी घातली होती. म्हाताऱ्याची खुर्ची उशीसकट रिकामी ठेवली होती. ताई, मला शोधायला आजवर तुझ्याशिवाय कुणी निघालं नव्हतं. मास्तरचा चष्मा भिजला.

परवा साध्या तोंडानं गेलो. म्हणालो, तो म्हातारा मीच. कुणी विश्वास ठेवेना! बेकरीवाला तर खवळलाच, आजारी माणसाची थट्टा करतोस म्हणून. शेवटी कमरेत वाकून तसंच रडून दाखवायला गेलो आणि खरंच रडलो. तेव्हा बाईंनी ओळखलं. आधी पाठीत सणसणीत धपाटा, मग मिठी. खलाशी आणि मास्तरही मीच म्हटल्यावर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, तीन माणसं मिळाली म्हणून आम्ही खूश होतो, निघाला एकच! उशी मात्र माझ्याकडेच राहिली.

दारू बंद आहे. हात अजून थरथरतो, म्हणून रोज अंड्यांवर भुवया काढतो. पहिली अंडी फार दचकलेली दिसायची. हल्लीची बरीच शांत दिसतात. पोरीला सांगू नकोस. भीती वाटते गं.

वेडावाकडा असलो तरी तुझाच,
रंग्या

२४ मे

चि. रंग्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

लग्नाच्या गडबडीत बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते. आता सांगायला हरकत नाही, शेजारच्या खोलीत दुसरी मेकअपवाली बसवून ठेवली होती. तू दारू सोडलीस हे मी पोरीला सांगून टाकलं होतं, तरी भीतीपोटी तिनंच बोलावली होती. मामाचा हात जरा हलला की तुला हाक मारीन, असं मला म्हणाली, आणि हातआरसा घेऊन तुझ्यासमोर बसली.

मी दाराला कान लावून उभी. बराच वेळ हाक येईना. शेवटी घोरण्याचा आवाज आला! मला वाटलं, मेला पिऊन झोपला. दार ढकललं, तर तू श्वास रोखून उजवी भुवई काढत होतास आणि घोरत होती आमची नवरी. आरसा मांडीवर पालथा पडला होता.

तुला चाहूल लागू न देता दार ओढून घेतलं आणि त्या मेकअपवालीला घरी पाठवून दिलं.

तुझी,
ताई