अर्ध्या पानात थोहोयांडू

२ जून २०१४

"राजधानीत राहतेस तू, चपला फटफटवत चालू नकोस!" — बाबा म्हणाले होते. मी दहा वर्षांची. दक्षिण आफ्रिकेतला आमचा हा कोपरा, व्हेंडा, तेव्हा वेगळा देश होता म्हणे, आणि आमचं थोहोयांडू त्याची राजधानी! आपला झेंडा, आपली संसद, आणि तिच्या दाराशी बाबा, दारवान. जगानं तो देश मानला नाही, बाबांनी मानला. आता देश नाही, झेंडा नाही. उरली आमची जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी.

आज कचेरीत आमचे नेमाकोंडेसाहेब म्हणाले, "गावाची ओळख लिही. अर्धं पान. प्रिटोरियाहून तपासनीस येतोय. खिडकी इथे ठेवायची की पोलोक्वानेला हलवायची, तो ठरवणार."

अर्ध्या पानात अख्खी राजधानी!

३ जून

साहेब : "मॉल आधी लिही."

फुलुफेलो, शेजारच्या टेबलावरची : "अगं, त्यांच्याकडे मॉल नाहीत का? बाजारातल्या तळलेल्या अळ्यांचं लिही."

"वाचून तो येणारच नाही."

"मग वाचली ना खिडकी!"

४ जून

सकाळी सहाला, जूनच्या कडक थंडीत, दाराशी बायका. खेड्यांतून दोन टॅक्सी बदलून आलेल्या. कुणाला नातीचा जन्मदाखला हवा, कुणाला नवऱ्याच्या मृत्यूचा. पोलोक्वाने इथून पुढे आणखी तीन तास. मॉल खोडला. यांचंच लिहिलं.

५ जून

पोट दुखतंय हसून!

तपासनीस म्बाथासाहेब आले. झुलू माणूस, भला. रांगेत पहिली मुओफे आजी. मोठा माणूस दिसला म्हणून आमच्या व्हेंडा रीतीप्रमाणे जमिनीवर कुशीला आडवी झाली, तळवे जोडले, "आ" म्हणाली. त्यांनी "न्दा" म्हणायचं, मग ती उठणार. त्यांना काय माहीत!

"म्हातारी पडली! पाणी आणा!" — गुडघ्यांवर बसून फाइलनं वारा घालू लागले. एवढा माणूस खाली बसलेला पाहून आजी आणखी सपाट. ते नाडी बघायला वाकले — आजीनं गालच टेकवला फरशीला! मागच्या अकरा जणींना वाटलं, आपण अजून उभ्या, काय हा उद्धटपणा! धडाधड आडव्या.

"अरे देवा, सगळ्याच गेल्या!"

"साहेब, नुसतं न्दा म्हणा!" मी ओरडले.

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

म्हणाले. बायका वस्त्रं झटकत उठल्या. आजी मला म्हणते, "पोरगा गुणी आहे गं. पण उत्तर द्यायला किती वेळ! खांदा गेला माझा, थंडीत."

म्बाथासाहेबही हसले. माझं पान वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं — वरच्या, छातीवरच्या.

१३ जून

पत्र नाही. फुलुफेलो म्हणते, वरचा खिसा म्हणजे शुभ. नेमाकोंडेसाहेब भिंत रंगवून घेताहेत.

२० जून

पत्र आलं. माझं लिखाण फार आवडलं. इतकं, की मला बढती — पोलोक्वानेत. आमची खिडकी महिनाअखेर बंद. कारण म्हणून माझंच वाक्य दिलंय : "वृद्ध स्त्रिया पहाटेपासून ताटकळतात." म्हणून त्यांना तिकडे प्रशस्त इमारत, खुर्च्यांसह!

नाहीच म्हणतील. तरी उत्तर लिहिलं : बढती नको. महिन्यातून एक बुधवार मला दाखल्यांचा शिक्का देऊन इकडे पाठवा. टेबल मी घरचं आणते.