डावखुरा दुतारवाला

प्रिय बहीण मुहाय्यो,

गेल्या रविवारी पहाटेची नमाज झाली आणि मी एक वेडेपणा केला. तीस वर्षं ताश्कंदमध्ये राहणारा माणूस मी, तिकीट काढून ताश्कंद बघायला निघालो. सोव्हिएत काळातल्या इमारती दाखवणारी सहल. दहा-बारा परदेशी आणि मी.

बाबांनी भिंत सजवलेल्या इमारतीपाशी आलो. भिंतीवरचा रंगीत तुकड्यांचा, चार मजले उंच दुतारवाला अजून तसाच आहे, निळा, डाव्या हाताने तारा छेडणारा. सेविंच नावाची आमची वाटाडी पोरगी म्हणाली, "कारागीर अज्ञात आहे. डावखुरा वादक काढून त्याने वरच्यांना चिमटा काढला असावा." दारातल्या बाकावर बसलेल्या एक म्हातारबाई खो खो हसल्या. "कसला चिमटा गं बाई! कामगार डुलक्या घेत होता. चाळीस वर्षं वाजवतोय मेला, एक सूर लागला नाही!" सगळे हसले. मी मान खाली घातली.

बाबांच्या दफनाच्या दिवशीही अशीच घातली होती. लोकांनी विचारलं, काय काम करायचे? मी नुसतं म्हणालो, बांधकामावर होते; भिंतींवर चित्रं मांडणारे उस्ताद होते, हे गाळलं. तू तिथेच कडाडलीस, "अका, तुला बापाची लाज वाटते!" त्यानंतर अकरा वर्षं रशियातल्या समाराहून तुझा एक फोन नाही.

लाज नव्हती गं. कारखान्यात भिंतीच्या साच्याच्या तळाशी रंगीत तुकडे पालथे लावून वर काँक्रीट ओतत. चित्र आरशातल्यासारखं उलटं मांडावं लागे. बाबांनी त्या दिवशी ते सुलटं मांडलं. भिंत उभी राहिली तेव्हा वादक डावखुरा दिसला आणि त्यांची उस्तादी गेली. उरलेली वर्षं सिमेंट कालवलं. त्या दिवशी सकाळीच गावाहून तार आली होती, तुझ्या जन्माची. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरून वचन घेतलं, "इमारत माझी, हे कुणाला बोलू नकोस. लोक कारण शोधतील, पोरीच्या पायगुणाला बोल लावतील. तिलाही कळू देऊ नकोस."

मुहाय्यो, तिथले रहिवासी आता कारागिराच्या नावाची पाटी लावताहेत, आणि ते नाव सेविंच शोधतेय. पाच दिवस मी दुआ मागत राहिलो. काल जुम्म्याची नमाज झाल्यावर बाबांच्या कबरीपाशी माफी मागितली आणि थेट सेविंचकडे गेलो. तिच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून आलोय: उस्ताद जुराबॉय. मुलगी झाल्याच्या आनंदात त्यांचा हात चुकला.

तुझाच,
एर्गश अका