उजव्या किडनीबद्दलची न वाचलेली ओळ

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय, वाशिम.

विषय : शेलूबाजार येथील शिबिरातून डॉ. धीरज ढेंगळे यांचे नाव वगळून त्यांची चौकशी करणेबाबत.
संदर्भ : दि. १८/०१/२०२६ रोजी होणाऱ्या किडनी तपासणी शिबिराचे पत्रक (तपासणारे डॉक्टर : डॉ. ढेंगळे).

महोदय,

अर्जदार हलिमाबी दिलावर खाँ, वय ५२, रा. मंगरूळपीर, ही रजया शिवून पोट भरते. तिची तक्रार अशी की,

१. गेल्या जूनमध्ये अर्जदाराच्या डाव्या किडनीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. खासगी दवाखाना चालविणारे डॉ. ढेंगळे यांनी सोनोग्राफीचा कागद वरवर पाहून अख्खी किडनी काढण्याची तारीख दिली. पती दिलावर यांनी विचारले, "साहेब, निस्ती गाठ नाही काढता येत काय?" त्यावर भरल्या ओपीडीत उत्तर मिळाले, "देवाने दोन दिल्यात ना? रजई उसवायची अक्कल इथे चालवू नका." लोक हसले. अर्जदार ते हसणे विसरलेली नाही.

२. परतताना बसमध्ये मुलगी नमरा हिने तोच कागद वाचला. "अम्मी, दुसऱ्या ओळीत उजवी किडनी लहान लिहेल हाये!" नागपूरच्या तपासणीत उजवी किडनी जन्मापासून खुरटलेली, जेमतेम अठरा टक्के काम करणारी निघाली. डावी अख्खी काढली असती, तर अर्जदार आज डायलिसिसच्या मशीनला बांधलेली असती.

३. नागपूरच्या सर्जन डॉ. तनुजा यांनी रोबोटच्या साहाय्याने ऑपरेशन केले. किडनीचा रक्तपुरवठा सतरा मिनिटे थांबवून गाठ तेवढी कापली, जागा शिवली व रक्त पुन्हा सोडले. किडनी वाचली. सहा महिन्यांनंतरही रिपोर्ट चांगले आहेत. आता शुकर मानून गप्प बसावे, असे दिलावर यांचे मत आहे. अर्जदाराचे नाही.

४. कारण अर्जदाराने जुनी फाइल मागितली, तेव्हा तीत डॉ. ढेंगळे यांच्या अक्षरात "रुग्ण अडाणी, सल्ला न ऐकता पळून गेली" असा शेरा आढळला. तक्रारीची कुणकुण लागताच डॉक्टर पेढे घेऊन घरी आले. "मावशी, बऱ्या झालात ना, मग राग कशाचा?" अर्जदार म्हणाली, "मी वाचली म्हनून बोलून राह्यली. तुमच्या टेबलावर ज्यायच्या किडन्या गेल्या, त्यायचे कागद तरी वाचले होते काय?" डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते पेढ्यांचा पुडा उचलून निघून गेले. तेव्हापासून त्याच प्रश्नाने अर्जदाराची झोप उडाली आहे.

५. सबब विनंती की, त्यांनी काढलेल्या प्रत्येक किडनीची फाइल उघडावी व सदर शिबिरातून त्यांचे नाव काढावे. अर्जदाराला भरपाई नको, माफीही नको. त्यांच्या दवाखान्याची पाटी उतरताना तिला डोळ्यांनी पाहायची आहे. हा सूड आहे, अशी नोंद कार्यालयाने घेतल्यास अर्जदाराची हरकत नाही. नाव न निघाल्यास ती शिबिराच्या दारात बसेल आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पाठीजवळचे टाक्यांचे व्रण दाखवील.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
हलिमाबी दिलावर खाँ
मंगरूळपीर, दि. ०९/०१/२०२६

सोबत : सोनोग्राफी अहवाल, नागपूर येथील तपासणी व ऑपरेशनची कागदपत्रे, फाइलवरील शेऱ्याची प्रत.