रताळ्याचं पान

आत्ती, या वर्षी मी रताळी लावली. साठीला टेकल्यावर, पहिल्यांदाच. महाशिवरात्रीच्या उपासाला आणलेल्यांतलं एक टोपलीत मागं राहिलं होतं. एकटीच्या उपासाला लागतात किती? महिन्यानं बघते तर त्याला जांभळे कोंब फुटलेले. फेकवेना. पसरट कुंडीत ओल्या मातीवर आडवं ठेवलं. कोंब वीतभर झाले तसे एकेक हलक्या हातानं सोडवून पाण्यात ठेवले, आणि मुळं आल्यावर मागच्या अंगणात मातीचा उंच वरंबा करून त्यावर लावले. तुम्ही असं करत नव्हता. तुम्ही जुन्या वेलाचेच तुकडे लावायचात.

लग्न होऊन बिद्रीजवळ तुमच्या घरी सून म्हणून आले, त्या वर्षीचं आठवतंय. परसातल्या वेलांना रताळी धरलीत का बघावं म्हणून मी दोन ठिकाणी उकरलं. करंगळीएवढी निघाली. तुम्ही गोठ्यातून ओरडत आलात, "शिकल्याली म्हणं! धरायच्या आदीच उकरून बगतीया!" शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो राग मी पुढं कितीतरी वर्षं हौसेनं जपला.

तुमच्या लेकाला कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही कोल्हापुरात बिऱ्हाड केलं. निघताना तुम्ही ओल्या पोत्यात गुंडाळलेले वेलाचे तुकडे माझ्या हातात दिलेत. "आडवं पूर, दोनी टोकं वर ठेव. पानी साचू दिऊ नगंस." मी ते मोरीशेजारी ठेवले आणि वाळू दिले. मुद्दाम. पुढं दर सणाला तुम्ही विचारायचात, "येल लागला का गं?" मी म्हणायचे, "लागलाय की."

मग तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही आठ दिवस आमच्याकडं राहिलात. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधूक. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणालात, "मला येलापाशी ने." अंगणात तेव्हा फक्त भोपळ्याचा वेल होता. मी तुमचा हात धरून तिथं नेलं आणि त्याचंच एक पान तुमच्या बोटांत दिलं. तुम्ही ते बराच वेळ चाचपत राहिलात. हे दारात उभे होते. तुम्ही पान सोडलंत आणि म्हणालात, "चांगला आलाय की." पुन्हा कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, सुटले. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

यंदा श्रावणात एक दिवस पाऊस उघडला होता. वेलांनी जागोजागी मुळं धरू नयेत म्हणून मी ते उचलून परतवत होते, तेव्हा एक पान बोटांत राहिलं. गुळगुळीत, मऊ. भोपळ्याचं पान खरखरीत असतं, हाताला टोचतं. जन्म रानात काढलेल्या बाईला हे कळलं नसेल? मी तिथंच चिखलात बसले. तुम्हाला कळलं होतं, आत्ती. आणि तुमच्या लेकासमोर तुम्ही मला खोटी पाडली नाहीत. मी तुम्हाला ओळखतच नव्हते.

परवा पानं पिवळी पडलेली दिसली, तसं खणलं. वाकडीतिकडी, पण पाटीभर निघाली. दाखवायला घरात कुणी नाही. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. तुमचा नातू पुण्याला असतो, फोनवर म्हणाला, "आई, कशाला राबतेस? बाजारात मिळतात की." मी बरं म्हटलं. मग दोन उकडली आणि ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ली. गोड होती.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, घडी करून गादीखाली ठेवीन. खरं सांगायचं तर माफी मागायला म्हणूनही लिहायला बसले नव्हते. त्या फोननंतर या घरात माणसाचा आवाज झालेला नाही, आणि तुमच्याएवढं मोठ्यानं बोलणारं दुसरं कुणी मला आठवलं नाही.