डाव्या चपलेची उरलीसुरली गाणी

बांडुंग,
शनिवार, ९ मार्च २०१९

देदेन यास,

सप्रेम सलाम. आई कशी आहे? गारूतच्या थंडीत तिचे गुडघे धरत असतील. मी ठीक. केस गेले, पोट आलं. एकोणीस वर्षांत एवढंच घडलं म्हण.

पत्र कामाचं आहे. तुमच्या 'सांदाल किरी'चा नवा संच आलाय ना, कॅसेटींच्या मागच्या बाजूची आणि कुठेच न आलेली अठरा गाणी, त्याचं परीक्षण संपादकबाईंनी माझ्याच गळ्यात घातलं. बँडचं नाव 'डावी चप्पल' का, ते नव्या पोरांना कळावं म्हणून लिहिलंय, की शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवरून तुझी डावी चप्पल चोरीला गेली. की उजवी गेली आणि डावी उरली? बघ, इथूनच माझा गोंधळ.

चौथ्या गाण्यात बास मीच वाजवलाय ना? घाईघाईत पुढे पळतोय, म्हणजे मीच. पुढे ओमायने ड्रम बडवता बडवता आपला मावसभाऊ माझ्या जागी आणून बसवला, आणि तू मला म्हणालास, "एंतिस, तू थोडे दिवस थांब." ते थोडे दिवस अजून चाललेत. हे परीक्षणात नाही घातलेलं.

आता अकरावं गाणं. तालमीची टेप आहे. संध्याकाळची अजान सुरू होते, तुम्ही नेहमीसारखे वाजवायचे थांबता, आणि टेप बंद करायचं कुणाला सुचत नाही. अजान संपते. मग ओमाय म्हणतो, "तो कुमिस एकदा सापडू दे मला. मिशीचा एकेक केस उपटतो."

तू म्हणतोस, "सापडायचं काय त्यात? काल आमच्याकडेच जेवून गेला."

"आँ? कोण?"

"कोणी नाही. तिसऱ्या गाण्यात बास झोपलाय म्हणतो, ते खरंय. त्या बासपायी इतका जीव एकाच माणसाचा जळतो. चल, वाजव."

हे मी नऊ वेळा ऐकलं. दहाव्यांदा बायकोने हेडफोन काढून घेतला.

कुमिस म्हणजे मिशाळ. या टोपणनावाने तुमच्या दुसऱ्या कॅसेटची मासिकात सालटी काढणारा, ज्याचं वाचून दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले आणि वर्षभरात बँड मोडला, तो. तो मी होतो, देदेन. एकोणीस वर्षं हे वाक्य तुला सांगायचं म्हणून घोळवत होतो, आणि तुला ते दुसऱ्याच दिवशी ठाऊक होतं.

अंक आला त्याच दिवशी तुझ्या घरी केळीच्या पानातला मासा खाल्ला मी. कुमिसला सगळ्यांत जास्त शिव्या मीच घातल्या. आईने न विचारता आणखी भात वाढला. त्यानंतर तुमच्या गल्लीत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही.

आता मला काही म्हणजे काही कळत नाही. मी इतकी वर्षं लपलो तरी कुणापासून? हा तुकडा तू मुद्दाम ठेवलास की राहून गेला? गाणी तूच निवडलीस असं कव्हरवर छापलंय. माफी असेल तर अशी चारचौघांत कशाला? आणि थोबाडीत असेल तर इतक्या हळू का मारलीस? आईलाही माहीत होतं? माहीत असून वाढलं तिने?

तुला फोन करता आला असता. नंबर आहे माझ्याकडे. पण तू नुसतं "बोल" म्हणाला असतास तरी मला बोलता आलं नसतं.

परीक्षण सोमवारी द्यायचंय. झोपलेल्या बासचं तेवढं खरं होतं, अजूनही आहे. बाकी सगळं मी जळफळाटाने लिहिलं होतं. कॅसेट चांगली होती. तेव्हाही मला ते कळत होतं, आणि तरी लिहिलं. या वेळी हेच सरळ छापायला देतोय. खाली नाव कुमिस, आणि त्याच्याखाली माझं. ओमाय वाचेलच. मला मिशीच नाही, एवढं त्याला सांग.

मला माफ कर. नाही केलंस तरी एक ओळ लिही, म्हणजे निदान काय समजायचं ते कळेल. आईला सलाम.

काल तुमच्याकडे जेवून गेलेला,
एंतिस