फणसाचा पाट

सुर्ला, डिचोली
२० ऑगस्ट १९९१

चि. सगुण,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. पावसामुळे खाण बंद, ट्रक उभा, आणि मी दिवसभर घरात, म्हणून तुझी वहिनी माझ्यावर वैतागलेली. तुझ्या विनोदिनीच्या खोकल्याला उतार पडला का?

माझी कंबर आहे तशीच आहे. तुझी कशी आहे ते विचारत नाही, कारण गेल्या आठवड्यात तुमच्या वाड्यावरचा बाबली येऊन भातलावणीच्या दिवसांतलं सांगून गेला. "सगुण दीसभर वांकून तरवो लायतालो. एकदांय पेंकाट धरूंक ना!" तो चहा पिऊन गेला, आणि मी उगाच त्याची कपबशी आपटली.

मला कळत नाही असं कसं होतं. दोघांनी ट्रक सारखाच हाकला, सारखीच दहा-बारा वर्षं. दिवाळीनंतर म्हापशाच्या इस्पितळात एकाच दिवशी गेलो. त्या सिद्धीबाईने दोघांनाही एकच व्यायाम दिले आणि रोज खूण करायला चौकटींचा एकच कागद. दर महिन्याला ती वाकायला लावून बोटं जमिनीपासून किती दूर राहतात ते पट्टीने मोजायची, आणि दुखणं दहापैकी किती ते विचारायची. तुझी बोटं जमिनीला लागली तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलास. तू आनंदाने हसलास हे मला आज पटतं. त्या दिवशी मात्र तुला ढकलून द्यावंसं वाटलं होतं.

आता खरं सांगतो. मी व्यायाम करत नव्हतो. एप्रिलमध्ये काकी गेल्या, तेव्हा सुतकात तू चटईवर गुडघे टेकून पुढे वाकलेला दिसलास आणि मी ओरडलो, "सुतकांत नमस्कार घालता रे?" तू म्हणालास, "दादा, हो नमस्कार न्हय, वखद." मला ते औषध वाटलंच नाही. मी दहा दिवस बंद ठेवले, आणि बाराव्यानंतर परत चटई काही अंथरली नाही. सगळ्या चौकटी मी म्हापशाच्या बसमध्ये बसून भरायचो, सुतकाच्यासुद्धा. दुखणं सात असताना चार सांगायचो, तुझ्यापेक्षा फार मागे दिसू नये म्हणून. सिद्धीबाई एकदा म्हणाली, "भिकाजीबाब, चौकटी भरून कंबर बरी होत नाही हां." मी न ऐकल्यासारखं केलं.

इथवर लिहून जेवून आलो. पुढचं लिहायला हात होत नाही, तरी लिहितो.

जूनच्या अखेरीस लावणीमुळे तू म्हापशाला आला नाहीस. त्या दिवशी सिद्धीबाईने तुझ्यासाठी नवा कागद माझ्याकडे दिला होता. वजन उचलायचा. आधी अर्धी कळशी, मग भरलेली, मग भाताचं अर्धं पोतं, असं सहा आठवड्यांचं. ती म्हणाली, "सगुणबाबांनी हे पुरं केलं तर चवथीला गणपती डोक्यावर घ्यायला हरकत नाही. मात्र हे केल्याशिवाय नको." तू तिला विचारलं होतंस म्हणे. मला नाही विचारलंस.

बाबा गेल्यापासून विसर्जनाला पाट माझ्या डोक्यावर असतो. गेल्या वर्षी आपण दोघेही आडवे होतो म्हणून बाबलीला बोलवावं लागलं, तेही मला सोसलं. पण धाकट्या भावाच्या डोक्यावर गणपती आणि मी मागून काठी टेकत, हे काही सोसेना. तो कागद मी कालनिर्णयाच्या मागे खोचून ठेवला. तुला सांगितलं, "बाईने काही दिलं नाही, चवथीनंतरच बोलावलंय." दीड महिना तो तिथेच होता. तुझ्या वहिनीला, चंद्रावतीला, तो गेल्या आठवड्यात सापडला. तिने तो माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला.

आता चवथीला तीनच आठवडे राहिले. सहा आठवड्यांचं काम त्यात होत नाही. म्हणजे मला हवं होतं तेच झालं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद नाही. तू मात्र कुणाचं न ऐकता तो दीड हाताचा गणपती फणसाच्या जड पाटासकट उचलशील आणि पुन्हा आडवा पडशील, ही भीती वाटते. मी तुला ओळखतो.

रविवारी मी कोरगावात आलो होतो. घरी आलो नाही, तोंड दाखवायची लाज वाटली. सरळ मूर्तिकार बाबाजीच्या गणपतीच्या शाळेत गेलो. नागपंचमीला मीच पोचवलेला आपला पाट परत घेतला आणि इथल्या देवघरातून नेलेला आईचा सागवानी लहान पाट त्याच्याकडे दिला. मूर्ती एक वीतभरच कर म्हटलं. तो म्हणाला, "भिकाजी, तुमच्या घराण्यान केन्ना इतको ल्हान गणपती हाडूंक ना. लोक कितें म्हणटले?" मी म्हटलं, "म्हणूं दी. म्हज्या भावाक व्हरूंक जाय." यंदा गणपती तूच डोक्यावर न्यायचास.

कागद सोबत आहे. आजपासून अर्ध्या कळशीपासून सुरुवात कर. पाट जमिनीवरून तू उचलायचा नाहीस. घरातली दोघंजणं तुझ्या डोक्यावर ठेवतील. मीही आज सकाळी चटई अंथरली. बोटं गुडघ्याखाली चार बोटं गेली. खूण एकच केली, आजची.

विसर्जनाला तू व्हाळाकडे निघशील तेव्हा माझा जळफळाट होणारच. तो आता लपवणार नाही. तू वळून बघू नकोस, मान सरळ ठेव.

तुझा,
या वर्षी पाटामागून चालणारा,
दादा