घमेल्यामागे एक वाक्य

१९ जानेवारी १९८६, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण, २ फेब्रुवारीला हिचं पहिलं पुण्यस्मरण आहे आणि त्या दिवशी मला बोलायचं आहे. सकाळी गोटीराम, म्हणजे हिचा भाऊ, येऊन बजावून गेला, "दाजी, गेल्या वर्षीसारखं करू नका."
गेल्या वर्षी ही गेल्यावर जलदानाच्या कार्यक्रमात सगळे बोलले. कंपनीतला फोरमन बोलला, तो हिला ओळखतही नव्हता. मग मला उभं केलं. मी म्हणालो, "चहा घेऊन जा सगळ्यांनी." आणि बसलो.
गोटीराम ते विसरलेला नाही. म्हणाला, "ताईबद्दल तुम्हाला काही वाटत होतं की नाही, हेच लोकांना कळलं नाही." माझा चहा न घेता गेला.
वाटत होतं. पण अंबडला टाइम ऑफिसात कार्डं तपासून माणूस बोलायचा विसरतो. ही मला घड्याळ म्हणायची. चालतं, पण टोले देत नाही.
संकल्प: रोज आरशासमोर भाषणाचा सराव.

२० जानेवारी
आरसा फार लहान आहे. आज रद्द.

२१ जानेवारी
उत्तम संधी. कॉलनीतले जयराम मास्तर पेठकडच्या एका पाड्यावर श्रमदान शिबिर नेत आहेत. नाल्यावर मातीचा बांध घालायचा. रजा टाकली. मास्तरांना म्हणालो, आदिवासी माणूस बुजरा, आपणहून बोलत नाही. त्याला कोणीतरी बोलतं केलं पाहिजे. ती जबाबदारी माझी. मास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.
रोज संध्याकाळी व्याख्यान देणार. स्वच्छता, साक्षरता, व्यसनमुक्ती. परत येईपर्यंत जीभ सैल. त्यांची सेवा, माझा सराव.
सामान: साबणाच्या वड्या (वाटायला), बिस्किटं (उपाशी मुलांना), मुळाक्षरांचा तक्ता.

२३ जानेवारी, गुरुवार
एसटीने फाट्यापर्यंत, पुढे पायी. बिस्किटं एसटीतच संपली. घाटात पोटात काही नसलं की मला मळमळतं.
पाड्यावरची अंगणं सारवलेली, लख्ख. घाण काय ती माझ्या बुटांची. एका बाईने ती झाडून काढली. स्वच्छतेचं व्याख्यान पुढे ढकललं.
संध्याकाळी साक्षरता. सगळा पाडा जमला. मी उभा राहून म्हणालो, "बसा." ते बसलेलेच होते. मग मीच बसलो.
सुरुवात म्हणून वाईट नाही.

२४ जानेवारी
काम सुरू. नाल्यापासून बांधापर्यंत माणसांची लांब ओळ. मातीने भरलेलं घमेलं हातोहात वर जातं, रिकामं तसंच खाली येतं. माझ्या वरच्या बाजूला सरुबाई, कालची झाडणारी. वयाने मोठी, हात चिवट.
मी मुकाट्याने घमेली देत होतो. ती म्हणाली, "भाऊ, मुक्यानं घमेलं देऊ नाय. जड व्हतं." इथली पद्धतच आहे म्हणे, भरल्या घमेल्यामागे काहीतरी बोलायचं. मी अंधश्रद्धा या विषयाला हात घालणार होतो, तेवढ्यात पुढचं घमेलं आलं.
तिने विचारलं, "घरी कोन?" मी म्हणालो, कोणी नाही. रिकामं घमेलं परत देताना ती म्हणाली, "आन् आधी कोन व्हतं?"
पद्धत मोडू नये म्हणून सांगत गेलो. एका घमेल्याला एक वाक्य. त्याहून जास्त दम नसतो. सांगितलं ते किरकोळच. ही मला घड्याळ म्हणायची, वगैरे. ही स्टोव्हला पिन मारताना त्याच्याशी बोलायची, माझ्याशी बोलायची त्यापेक्षा जास्त. माझी सायकल घेऊन शिकायला निघाली आणि भाजीवालीच्या टोपलीत पडली. चेंगरलेली वांगी सगळी विकत घ्यावी लागली. आठवडाभर वांगी.
हात सुजले. बोलण्याचा सराव आज अजिबात झाला नाही.

२५ जानेवारी
व्यसनमुक्ती. सरुबाईचे मालक सावळीराम बांधाच्या टोकाला घमेली रिकामी करतात. संध्याकाळी त्यांनी तंबाखू पुढे केली. मी मानेनेच नको म्हणालो. हेच व्याख्यान समजावं.
साबण वाटला नाही, सगळ्यांकडे आहे. माझी अंघोळीची वडी नाल्यात वाहून गेली आणि बाकीच्या वड्या मास्तरांकडे कुलपात. सरुबाईकडून तुकडा घेतला.
या लोकांना बोलतं करण्यात अजून यश नाही. उलट सरुबाई मलाच विचारत राहते. आजही दिवस त्यातच गेला. ही एकदा कंपनीच्या गेटवर डबा घेऊन आली होती. मी सगळ्यांदेखत बाहेर जायला लाजलो. तिने डबा वॉचमनला खाऊ घातला आणि संध्याकाळी मला सांगितलं, तो भाजी चांगली झाली म्हणाला, तुम्ही कधी म्हणाला नाहीत. हे ऐकून सरुबाई हसली. थोड्या वेळाने बांधाच्या टोकालाही कोणीतरी हसलं. त्यांचं काही वेगळं चाललं असेल.

२६ जानेवारी
झेंडावंदन. नंतर एक म्हातारा मला "घड्याळभाऊ" म्हणाला. या लोकांना हे कसं कळलं? मास्तरांवर संशय. पण मास्तरांनाही मी कधी सांगितलेलं नाही. मनगटावर घड्याळ आहे, त्यावरून असेल.
दुपारी सरुबाईने आजारपणाचं विचारलं. सांगितलं. कावीळ झाली, पोटात काही ठरेना. शेवटच्या दिवशीसुद्धा ती स्टोव्हचीच चौकशी करत होती. मला पिन मारता येत नाही म्हणून.
त्यानंतर सगळी ओळ गप्प झाली. घमेली खरोखरच जड लागली. ऊन फार होतं.

२७ जानेवारी, सोमवार
बांध पुरा. काही लोक फाट्यापर्यंत पोचवायला आले. एसटी दिसली तेव्हा सावळीराम जवळ आले. यांच्याशी मी एक शब्दही बोललेलो नाही. ते म्हणाले, "घड्याळभाऊ, वहिनी मंग सायकल शिकल्या का नाय?"
मी दचकलो. मागचे सगळे उत्तरासाठी थांबलेले.
सरुबाईला विचारलं, हे यांना कोणी सांगितलं? ती म्हणाली, "घमेलं माझ्यापाशी थांबत व्हतं का? मंग बोलनं कसं थांबंल?"
म्हणजे माझं प्रत्येक वाक्य घमेल्याबरोबर हातोहात बांधापर्यंत गेलं. तिचे प्रश्नही तिचे एकटीचे नव्हते. वरून रिकाम्या घमेल्यांबरोबर येत होते. सगळा पाडा माझ्या संसारात बसला होता आणि मी त्यांना बुजरे समजत होतो.
ही खाजगी बाब आहे. राग आला. तडक एसटीत चढलो.
गाडी सुटल्यावर आठवलं, उत्तर राहिलं. चारचौघांत खिडकीतून ओरडणं बरं दिसत नाही.
ओरडलो. "शिकली! कॉलनीला फेरी मारून आली!"
कंडक्टरने अभिनंदन केलं. का ते कळलं नाही.

३१ जानेवारी
भाषण तयार. चार पानं. सुशील, कर्तव्यदक्ष, आदर्श गृहिणी वगैरे सगळं आलं आहे. पाठही झालं. आता चिंता नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
वंदना झाली. गर्दी बरीच. घरात मावेना म्हणून निम्मी माणसं अंगणात सतरंजीवर. गोटीराम त्यांच्यात, अगदी टोकाला. तिथूनच म्हणाला, "दाजी, आता तुम्ही."
उभा राहिलो. कागद काढला. ही आदर्श गृहिणी कोण, तेच मला ओळखू येईना.
म्हणालो, "चहा घ्या सगळ्यांनी."
गोटीरामने मान खाली घातली.
ट्रे घेऊन दारातून जायला वाट नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात, माझ्या पुढे शेजारच्या सुलाबाई, तिथून अंगणापर्यंत माणसंच माणसं. कप हातोहात द्यायचं ठरलं. पहिला कप फार जड लागला. सुलाबाईंना म्हणालो, ही स्टोव्हशी बोलायची. त्या हसल्या. कप पुढे देताना त्यांनी ते पुढच्या बाईला सांगितलं.
दुसरा कप. सायकल. मग वांगी. मग वॉचमन. मी काही ठरवलं नव्हतं, कप येत होते. अंगणात सगळे मोठ्याने हसले. पिन मारता येत नाही म्हणालो, तो कपही गेला. थोड्या वेळाने अंगण गप्प झालं.
गोटीराम माणसांतून वाट काढत आत आला. हातात कप, चहा तसाच. म्हणाला, "दाजी, वांग्यांचं खरं आहे? ताई आम्हाला कधी बोलली नाही." मी मान हलवली. तो म्हणाला, "अजून सांगा."
म्हणालो, कप संपले.
त्याने तिथेच गार चहा एका घोटात संपवला. मोरीत जाऊन कप विसळून आणला आणि माझ्यापुढे धरला.
भाषण झालं नाही ते नाहीच. सगळ्यांना चहा गार मिळाला, अशी सुलाबाईंची तक्रार.
संकल्प: पुढच्या वर्षी भाषण लिहायचं नाही. कप जास्त आणायचे.